मथळ्याच्या शेवटचे प्रश्नचिन्ह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय मुद्रितशोधन, म्हणजे मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका काढणे, आता निवृत्त, राहणार याच दोन खोल्यांत गेली छत्तीस वर्षे, आज सकाळी चहा पिऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. "मावशी, एकदा कागद करून टाक," असे भाचा वर्षभरात वीसेक वेळा म्हणाला, पण त्याला दडपण म्हणत नाहीत. यापूर्वी तीन वेळा लिहायला बसले आणि अर्ध्यात उठले. ते कागद फाडून टाकले आहेत, तेव्हा रद्द करण्यासारखे मागे काही नाही.

कलम एक. मी गेल्यावर देहाचे काय करायचे ते भाच्याने आपल्या सोयीने ठरवावे. शोकसभा घेऊ नये. जुन्या सहकाऱ्यांनी घेतलीच, तर माझ्या निरोप समारंभात सांगितली होती ती गोष्ट तिथे पुन्हा सांगू नये. कोणती, ते पुढे लिहिते.

कलम दोन, घरातले सामान. लोखंडी कपाट, पलंग, स्वयंपाकाची भांडी भाच्याला. पाच शब्दकोश, त्यांतल्या एकाची पाठ सुटली आहे, समोरच्या दुकानात फलक छापणाऱ्या मुलीला. तिने मागच्या वर्षी आमच्या फाटकावर "येथे वाहने उभी करू नयेत?" असा फलक लावला. मी खाली उतरून विचारले, "अगं, हे शेवटी काय लावलंस?" ती म्हणाली, "आजी, नुसतं लिहिलं की उद्धट वाटतं." तेव्हापासून फाटकासमोर रोज तीन गाड्या उभ्या असतात. मुलगी चांगली आहे. शब्दकोश तिला द्यावेत आणि ती वाचते का ते अधूनमधून पाहावे.

भिंतीवरचे घड्याळ निवृत्तीच्या वेळी संपादकसाहेबांनी दिले. कचेरीत आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणत असू. घड्याळही दहा मिनिटे पुढेच असते. साहेब आता नाहीत. त्यांच्या मुलाला ते परत द्यावे. कारण विचारले तर सांगावे, की मावशीला त्याच्याकडे बघवत नव्हते.

कलम तीन. बँकेतली ठेव कारखान्यामागच्या वस्तीतल्या दवाखान्याला द्यावी. त्यांनी त्यातून पिण्याचे पाणी तपासण्याच्या पेट्या घ्याव्यात. दुसऱ्या कशाला खर्च करू नये, रंगरंगोटीला तर मुळीच नाही.

इथवर लिहून मी उठले. गॅस बंद आहे का ते पाहिले, बंद होता. नळ घट्ट केला. खिडकी उघडली, पुन्हा लावली. आधीचे तिन्ही कागद याच जागी अडले होते, म्हणून या वेळी परत येऊन बसले आहे.

कलम चार. या दोन खोल्या, गॅलरीसह, मी पाणीपुरवठा खात्याच्या एका माजी पंपचालकांना देत आहे. ते माझे कोणी लागत नाहीत. आमची भेट एकदाच, दहा मिनिटांची झाली. मग घर त्यांना का, असे भाचा विचारील, आणि त्याला ते विचारण्याचा हक्क आहे. म्हणून जे झाले ते पहिल्यापासून लिहिते.

मी एका सायंदैनिकात चौतीस वर्षे प्रुफे वाचली. सकाळी आठला जायचे, दुपारी बाराला पान छपाईला सुटायचे, चार वाजता अंक रस्त्यावर. माझे टेबल दारापाशी, खिडकीला लागून होते. विरामचिन्हांबाबत मी कडक होते आणि मला त्याचा गर्व होता. नव्या माणसांना मी पहिला धडा प्रश्नचिन्हाचा देत असे. आपल्या भाषेत ते चिन्ह फार मोठे काम करते. "आई आली" आणि "आई आली?" यांत एका अक्षराचाही फरक नाही. बोलताना आपण आवाज चढवतो. कागदाला आवाज नसतो, म्हणून त्याच्या जागी हे चिन्ह. ज्या वाक्याचे उत्तर कोणाकडून तरी हवे आहे, त्याच वाक्यापुढे ते लावायचे. "तो कुठे गेला ते ठाऊक नाही" यापुढे लावायचे नाही, कारण तिथे कोणी काही विचारलेले नाही. आणि लावायचे ते एकच. भाचा मोबाइलवर "जेवलीस???" असे पाठवतो तेव्हा मला चौकशीला बोलावल्यासारखे वाटते.

वर्तमानपत्रात मात्र या चिन्हाचा आणखी एक उपयोग आहे. तो व्याकरणाच्या पुस्तकात दिलेला नाही.

एकतीस वर्षांपूर्वी, कडक उन्हाळ्यात, कारखान्यामागच्या वस्तीत दोन दिवसांत त्रेचाळीस माणसे उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. एक म्हातारा गेला आणि एक चार वर्षांची मुलगी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा बातमीदार धावत आला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने त्याला सांगितले होते, की टाकीवरच्या पंपचालकाने पाण्यात जंतुनाशक पावडर टाकलीच नव्हती. वीस मिनिटांत बातमी जुळून माझ्या टेबलावर आली. मथळा होता: "पंपचालकाने पाण्यात औषध टाकलेच नाही". खाली मजकुरात सहा वेळा "समजते" आणि चार वेळा "कळते".

मी प्रुफ घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"याला आधार काय आहे?"

"कारकून बोललाय."

"लेखी?"

"लेखी कोण देतं, बाई."

"मग उद्या त्या पंपचालकाने दावा लावला तर?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. बाराला वीस कमी होते. त्यांनी प्रुफ ओढून घेतले, त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. काढून टाका. तिथे दंतमंजनाची जाहिरात घ्या."

इथेच थांबले असते तर हे सगळे लिहावे लागले नसते. साहेबांनी बातमी काढली होती. रेघ मारून झाली होती. मी फक्त "बरं" म्हणून वळायचे होते.

पण वस्तीत दोन जीव गेले होते आणि आमच्या पहिल्या पानावर दंतमंजन जाणार, हे मला लागले. शिवाय मला तोड सुचली होती, आणि सुचलेली तोड पोटात ठेवणे मला कधी जमले नाही. मी म्हटले, "काढायला कशाला हवी? मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावू. म्हणजे आपण ठाम काही म्हणत नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "बाई, तुम्ही सोन्यासारख्या आहात."

मोठ्या टायपात प्रश्नचिन्हाचा शिशाचा खिळा एकच होता. तो खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सापडेना, तेव्हा खणात हात घालून मीच शोधून दिला. बाराला पाच कमी असताना पान सुटले: "पंपचालकाने पाण्यात औषध टाकलेच नाही?" मला त्या दिवशी वाटले, मी एका माणसाला न्याय दिला.

पुढचे मला नंतर, तुकड्यातुकड्याने कळले. वस्तीच्या तोंडाशी चहाचे दुकान होते. तिथला मालक अंक मोठ्याने वाचून दाखवत असे, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नव्हते. त्याने मथळा वाचला आणि आवाज चढवला नाही. कोण चढवतो? संध्याकाळपर्यंत टाकीखालच्या पंपचालकाच्या घराच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून घरी बसवले. सार्वजनिक नळावर त्याच्या बायकोची बादली रांगेतून उचलून बाजूला ठेवली गेली. ज्या माणसाने अकरा वर्षे त्या नळाला पाणी सोडले, त्याच्या घरच्यांना तीन आठवडे पाणी लांबून आणावे लागले.

चौकशी झाली तेव्हा निघाले ते वेगळेच. रंगाच्या कारखान्याच्या गटाराखाली पाण्याचा पाइप फुटला होता. पंपचालकाच्या नोंदवहीत रोज पहाटे पावडर टाकल्याची नोंद होती, सहीसकट. त्याच वहीत, पाइपाजवळ पाणी झिरपते आहे असे त्याने कचेरीला दोनदा लेखी कळवल्याचेही होते. आम्ही खुलासा छापला. सहावे पान, चार ओळी. त्याचे प्रुफ मीच वाचले. "पंपचालक निर्दोष". त्यापुढे कोणतेही चिन्ह नव्हते.

खुलासा छापल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो कचेरीत आला. सकाळी दहाची वेळ. इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेले कात्रण. साहेब आत होते, पण त्यांनी मान हलवून "नाही म्हणून सांगा" अशी खूण केली. मी सांगितले, साहेब नाहीत.

"असू दे, ताई. तुम्हालाच विचारतो." त्याने कात्रण माझ्यासमोर पसरले आणि मथळ्याच्या शेवटी बोट ठेवले. "हे हुकासारखं आहे ते का लावलंय?"

"ते… म्हणजे आम्हाला नक्की माहीत नाही, असं."

"माझी शाळा सातवीपर्यंत झालीय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो खरोखर समजून घेऊ पाहत होता. "मास्तर सांगायचे, कुणाला काही विचारलं की हे लावायचं. मी टाकीखालीच राहतो. रात्रंदिवस तिथेच असतो. मला कुणी विचारलं?"

मी हातातली लाल पेन्सिल खणात ठेवली.

"हे चिन्ह कोण लावतं, ताई? कुणाचं काम असतं?"

"ते वर ठरतं," मी म्हटले.

त्याने कात्रणाची घडी घातली, पिशवीत ठेवली, "बरं" म्हणाला आणि गेला. महिन्याभरात बदली मागून घेऊन तो कुटुंबासह दुसऱ्या गावी गेला, असे बातमीदाराकडून कळले.

ते "वर ठरतं" माझ्या छातीत अडकले ते अजून तिथेच आहे. त्यानंतर अठरा वर्षे मी नोकरी केली. मथळ्यात प्रश्नचिन्ह आले की मी समासात लाल पेन्सिलीने लिहायची: "कुणाला विचारले?" उत्तर आल्याशिवाय प्रुफ सोडायची नाही. यावरून साहेबांशी खूप वाजले. कचेरीत मला "कुणाला-विचारलं बाई" म्हणू लागले. एका वहीत मी अशा मथळ्यांचा हिशेब ठेवला आहे. दोनशे सहा आले, एकशे एकोणचाळीस अडवले. बाकीचे गेले. पण ज्याच्यासाठी हे करत होते, त्याला यातले काही माहीत नव्हते.

आणि निरोप समारंभात साहेबांनी ती गोष्ट सांगितली. की एका मोठ्या दाव्यातून बाईंनी एका चिन्हाने आपला पेपर वाचवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून मान खाली घातली. तिथेही खरे बोलले नाही. कलम एकमधली गोष्ट ती हीच.

तर या कारणाने मी हे घर त्यांना देत आहे. मी गेल्यावर, माझे हे कागद पाहणाऱ्या वकीलबाईंनी त्यांचा पत्ता शोधून त्यांना कळवावे, की

हे वाक्य इथे चार दिवस तसेच पडून होते. आता दुसऱ्या पेनाने पुढे लिहीत आहे. आधीचे पेन आपटल्याने निब वाकली.

कलम चार लिहिताना हात अडखळला, कारण मी काय करते आहे ते मला दिसले. मी पुन्हा त्या माणसाच्या नावापुढे काहीतरी लावत होते, आणि पुन्हा त्याला विचारलेले नव्हते. शिवाय मी मेल्यावर. म्हणजे तेव्हा तो कात्रण घेऊन आला तरी दारापाशी टेबल रिकामे.

त्या सकाळी मला घरात बसवेना. जिना तीनदा उतरले, तीनदा चढले. तळमजल्यावरचे चष्मेवाले दुकानातून म्हणाले, "बाई, काही हरवलंय का?" मी त्यांना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कोणी ओळखीचे आहे का विचारले. त्यांचे एक गिऱ्हाईक तिथल्या पेन्शन विभागात होते. दुसऱ्या दिवशी पत्ता मिळाला. पंपचालक हयात होते. बसने साडेतीन तासांवर, मुलीकडे राहत होते. मुलगी पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचे दुकान चालवते.

भाच्याला मी एवढेच सांगितले, की एका जुन्या ओळखीच्या माणसाकडे जायचे आहे, सोबत चल. तो रजा टाकून आला. बसमध्ये मी चार वेळा जागा बदलली.

दुकान रस्त्याला लागून होते. मुलगी, चाळिशीची, बाकावर एक पंप उघडून बसली होती. पंपचालक तिच्याशेजारी तांब्याच्या तारेची रिळे लावत होते. केस पूर्ण पांढरे, पण शर्ट तसाच इस्त्रीचा. मी दारातच उभी राहिले आणि पाठ केलेले सगळे विसरले.

"मी सायंदैनिकात होते," मी म्हटले. "तुम्ही कात्रण घेऊन आला होतात. मी म्हटलं होतं, वर ठरतं. ते खोटं होतं. ते चिन्ह मी लावलं. साहेब बातमी काढणार होते. मी काढू दिली नाही."

मुलीने हातातला पाना खाली ठेवला. भाचा माझ्याकडे बघायला लागला. पंपचालकांनी रीळ नीट जागेवर लावले, मग मला बसायला स्टूल पुढे केले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"की तुम्हीच. तुमच्या बोटांना लाल लागलं होतं. आणि तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात."

"मग बोलला का नाहीत?"

"मी विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. त्यावर काय बोलायचं."

मुलगी मात्र बोलली. "इतक्या वर्षांनी कशाला आलात? बाबांच्या जिवाला त्रास द्यायला? आई चार वर्षांपूर्वी गेली. तिला सांगायला हवं होतं."

मी म्हटले, हो, त्यांना सांगायला हवे होते. मग घराचे सांगितले. मी म्हटले, मला माझे घर तुम्हाला द्यायचे आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. शेजारी भाच्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

पंपचालकांनी एका रिळाचे सुटलेले टोक गुंडाळले. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"नको," ते म्हणाले. "राग नाही. पण लोक काय म्हणतील? याला बाईने घर का दिलं? काय भानगड होती? इथे माझ्या नावाला काही चिकटलेलं नाही, बाई. ते तसंच राहू दे."

"मग मी काय करू? काहीतरी सांगा."

"त्या मुलीची आई आहे का हो अजून? जी पोर गेली, तिची?"

मला माहीत नव्हते.

"त्या आठवड्यात ती आमच्या दारात आली होती. बादली भरून आणली होती. आमच्या हिच्या अंगावर ओतली आणि म्हणाली, हे पी. आमची ही शेवटपर्यंत ते विसरली नाही. मला म्हणायची, त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं. मी कसा जाणार? मी गेलो तर ती म्हणणार, स्वतःची कातडी वाचवायला आलाय. तुम्ही जाल का?"

मी म्हटले, जाते.

परतीच्या बसमध्ये भाचा तासभर खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"आलो असतो. चिडून आलो असतो, पण आलो असतो." थोड्या वेळाने म्हणाला, "मला हवंय ते घर, मावशी. खोटं कशाला बोलू? भाड्याच्या एका खोलीत चौघं राहतो आम्ही. पण त्यांनी हो म्हटलं असतं, तर मी भांडलो नसतो."

"थोडा भांडला असतास."

"थोडा भांडलो असतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीत गेलो. गेलेल्या मुलीची आई तिथेच आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करते. वय माझ्याएवढेच, खांदे माझ्यापेक्षा ताठ. मी कोण आणि कशासाठी आले ते सांगायला सुरुवात केली तेव्हा ती एका सदऱ्याच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. पंपचालकाचे नाव येताच तिने इस्त्री उभी करून ठेवली.

मी सगळे सांगितले. मथळा, चिन्ह, फुटलेला पाइप, नोंदवही.

"म्हणजे त्याने पाण्यात औषध टाकलं होतं?"

"रोज टाकलं होतं. आणि पाइप झिरपतोय म्हणून दोनदा लेखी कळवलंही होतं. कचेरीने लक्ष दिलं नाही."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"तीन आठवड्यांनी. आम्ही छापलं होतं. सहाव्या पानावर."

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "मला लोकांनी पहिल्या पानावरचं सांगितलं. सहाव्या पानावरचं कुणी सांगितलं नाही." तिने सदरा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "एकतीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या देतेय. रोज नाही. पण तिचा वाढदिवस आला की देते. आणि ज्यांनी पाइप दुरुस्त केला नाही, ते सुखाने झोपले."

मी म्हटले, "हो."

"त्याच्या बायकोच्या अंगावर मी पाणी ओतलं होतं."

"माहीत आहे. ती आता नाही."

तिने तोंडावरून हात फिरवला. रडली नाही. मला क्षमाही केली नाही, आणि मी मागितली नाही. म्हणाली, "तुम्ही जा आता. मला दुपारपर्यंत कपडे द्यायचेत." आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा तिने भाच्याला हाक मारली. "ए दादा, त्याचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरात लिहून दे. शेजारीण वाचेल."

त्याच संध्याकाळी तिने शेजारणीच्या फोनवरून त्यांना फोन केला, असे पंपचालकांनी मला नंतर कळवले. पाऊण तास बोलणे झाले. काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. मीही खोदून विचारले नाही.

कलम चार, नव्याने. वर लिहिलेले कलम चार, म्हणजे पंपचालकांना घर देण्याबद्दलचे, मी रद्द करते. त्यातला मजकूर मात्र खोडू नये, तो तसाच राहू द्यावा. घर, दोन खोल्या आणि गॅलरी, भाच्याला. त्याने सरळ मागितले, म्हणून. त्याने ते विकू नये असे मला वाटते, पण अट घालत नाही.

कलम पाच. लाल पेन्सिली, पोलादी पट्टी आणि दोनशे सहा मथळ्यांची वही पंपचालकांच्या मुलीला द्यायची माझी इच्छा होती. फोनवर विचारले. ती म्हणाली, "पेन्सिली द्या, मोटारींवर खुणा करायला लागतात. वही नको." त्याप्रमाणे करावे. वही वकीलबाईंनी ठेवावी किंवा रद्दीत घालावी. मला आता तिची गरज नाही.

कलम सहा. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याची जबाबदारी वकीलबाईंवर सोपवते. त्या हळू बोलतात आणि भरभर काम करतात, हे मला पसंत आहे.

साक्षीदारांविषयी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा नियम वकीलबाईंनी सांगितला. तेव्हा मला कोण दोघे आठवले ते लिहायला नको. चष्मेवाले लगेच हो म्हणाले. पंपचालकांना मी फोन केला आणि विचारले, याल का. ते म्हणाले, "आधी वाचायला मिळेल?" वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी म्हटले, हे तर वाचावेच लागेल.

ते आज सकाळच्या बसने मुलीसह आले आहेत. माझ्यासमोर खुर्चीवर बसून एकेक पान वाचत आहेत, ओळीखाली बोट धरून. मुलगी आणि भाचा आत चहा करत आहेत, साखर कुठे आहे यावर त्यांचे बोलणे चालले आहे. चष्मेवाले दारात उभे आहेत, त्यांना दुकान उघडे टाकून आल्याची काळजी आहे. मी दोनदा उठले. पंपचालक मान वर न करता म्हणाले, "बसा हो बाई, पळून जात नाही मी." बसले आहे.

तिसऱ्या पानावर ते थांबले. म्हणाले, "एक शब्द काढाल का?" त्यांनी दाखवला. मी काढला. त्याची रीतसर नोंद खाली केली आहे.

सही (मृत्युपत्र करणारी, मुद्रितशोधक, निवृत्त). आम्हा दोघांच्या समोर केली.

साक्षीदार पहिला: पंपचालक, पाणीपुरवठा खाते, निवृत्त. सही.

साक्षीदार दुसरा: चष्मेवाले, तळमजला. सही.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: महिन्याची सतरा, गुरुवार, सकाळचे पावणेबारा.

खाडाखोडीची नोंद: पान तीन, ओळ नऊ, "पंपचालक" या शब्दाआधीचा "बिचारा" हा एक शब्द खोडला. कारण, पहिल्या साक्षीदाराची हरकत. शेजारी तिघांच्याही सह्या आहेत.